हयात लेखकाचं मृत्युवर्ष

एका हयात माणसाला मी मृत ठरवलं होतं, आणि तेही केवळ घाईपोटी.

अमरावतीच्या ज्या ग्रंथालयात मी होतो, तिथल्या पुस्तकांच्या नोंदी अकोल्याच्या एका ग्रंथालयाशी जोडायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक लेखकाला स्वतंत्र क्रमांक द्यायचा, त्याची माहिती त्या क्रमांकाखाली एकदाच लिहायची; अकोल्याची नोंद ती तिथूनच उचलणार. सारख्या नावांच्या लेखकांत गल्लत होऊ नये, यासाठीच हा खटाटोप. ती गल्लत मीच केली. अचलपूरच्या एका निवृत्त मुसलमान शिक्षकांनी कपाशीत ज्वारी-तुरीच्या ओळी कशा घ्याव्यात, यावर मराठीत छोटं पुस्तक लिहिलं होतं. त्याच नावाचे एक शायर फार पूर्वी वारले होते. मी दोघांना एका क्रमांकाखाली घातलं आणि शायरांचं मृत्युवर्ष शिक्षकांना चिकटलं. आमच्या समाजातली दोन सारखी नावं आली की मी वडिलांचं नाव विचारून घेत असे. या मुसलमान नावांसाठी मात्र एक फोनही केला नाही.

ती वर्षं वाईट होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांमुळे सकाळचा पेपर उघडायला मन धजत नसे.

एक दिवस ते शिक्षक, म्हणजे सर, स्वतःच एसटीनं आले. आपल्या पुस्तकाची जवळची शेवटची प्रत कोणाला तरी देऊन बसले होते, म्हणून आमची वाचायला हवी होती. त्यांची नोंद दाखवायला मी मोठ्या ऐटीत कॉम्प्युटरची स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"अरे बापा! मी त मेलो म्हन्ते हे," सर हसले. "घरी कोनं सांगतलंच नाही मले. अन् कंडक्टरनं तिकिटाचे पैसे कावून घेतले मंग?"

मीही हसलो. मग ते हळूच म्हणाले, "अकोल्याकडं पेरनीआधी कास्तकारायच्या बैठका झाल्या. मले बोलावतीन म्हनून वाट पाहून राहिलो होतो. आता समजलं."

"कॉम्प्युटरची चूक आहे, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि पुस्तक घेऊन खिडकीशी जाऊन बसले.

ते गेल्यावर मी दोन्ही लेखक वेगळे केले. अकोल्याची नोंद आपोआप सुधारली. तिथल्या ग्रंथपाल ताईंना फोन केला. बैठकांसाठी जाणकारांची नावं त्याच सुचवत होत्या.

"अहो, तुमच्या नोंदीच्या भरवशावर मी त्यांचं नाव गाळलं!" त्या म्हणाल्या. "आता काय उपयोग? पेरण्या आटोपल्या."

एक हंगाम माझ्यामुळे गेला होता.

पुढच्या वर्षी पेरणीआधी ताईंनी सरांना बोलावलं. ते गावोगाव हिंडले. मधल्या काळात, मी चूक कबूल केलेली नसतानाही, त्यांनी मला किती दिलं! अचलपूर-परतवाड्याच्या जुन्या लेखकांपैकी कोण कुठल्या घरातला, कोण हयात, हे ते फोनवर सांगत आणि मी क्रमांक सुधारत जाई. आमच्या नोंदींवर आज कोणी विश्वास ठेवत असेल, तर तो त्यांच्यामुळे. या ऋणानंच मला गप्प बसू दिलं नाही.

मी अचलपूरला गेलो. सरांनी चहा मागवला. तो येण्याआधीच मी बोललो, "सर, ते कॉम्प्युटरनं नाही केलं, मी केलं. तुमाले एक फोन लावाले पायजे होता, लावला नाही. अन् वरून तुमच्यासमोर खोटं बोललो. मले माफ करा."