रिकाम्या कणगीतल्या वस्तू

काल दुपारी गच्चीवर वाळत घातलेला कडुलिंबाचा पाला गोळा करत होते. वर्षाच्या गव्हात घालायचा म्हणून दरवर्षी मी तो हौसेनं वाळवते. घरातली तरुण मंडळी हसतात, हसू देत. मूठभर पाला हातात चुरगळला आणि तो कडसर, कोरडा, थोडासा धुळीचा वास नाकात शिरला. मी तिथेच कठड्याला टेकून बसले. आपल्या वयाच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. एखादा वास येतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अंधाऱ्या घरात आपण पुन्हा वाकून शिरतो. त्या घराच्या कोपऱ्यात एक कणगी होती आणि तिच्यात धान्याचा दाणा नव्हता.

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत एक वस्तुसंग्रहालय होतं. मी तिथे लिपिक होते. शाळेत मला चित्रकला शिकवणाऱ्या सरांनीच ते उभं केलं होतं आणि माझं अक्षर बरं म्हणून मला तिथे बसवलं होतं. वीस वर्षं दर रविवारी सायकल मारत ते कर्जतच्या, श्रीगोंद्याच्या वाड्यावस्त्या फिरले होते. कुठे समई, कुठे पोथी, कुठे कुणबिणीची आरसा-फणी ठेवायची फणेरपेटी, असं मागून मागून जमवलेलं. वस्तू पुष्कळ होत्या, माणसं मात्र येत नसत. सरांनी एस. टी. स्टँडवर स्वतः पाटी रंगवून लावली. टॉकीजवाल्याला गळ घालून मध्यंतरात पडद्यावर जाहिरातीची काच दाखवली. बाजाराच्या दिवशी दारात रांगोळी काढून पाहिली. लोक दारापर्यंत येत, आत डोकावत, चपला काढायच्या का असं विचारत, आणि उत्तर मिळायच्या आत निघून जात. दिवस दिवस मी एकटीच वस्तूंवरची धूळ पुसत बसायची. सर एकदा म्हणाले, "आपलं काहीतरी चुकतंय. काय ते मला कळत नाही." शिकवणाऱ्या माणसानं असं सरळ कबूल करावं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसू लागले, गुरं विकली गेली, आणि आमच्या पंचक्रोशीतली निम्मी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला लागली. रेशनला परदेशी लाल ज्वारी, मिलो, यायची. तालुक्याला धान्य येऊन पडत होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. एके दिवशी वाचनालयाच्या समितीच्या अध्यक्षांनी सरांना बोलावून सांगितलं की या दोन खोल्या धान्यासाठी द्याव्या लागतील. वस्तू पेट्यांत भरून पुण्याला कुणाच्या तरी वखारीत पाठवू. मला वाटलं, सर आता भांडतील. वीस वर्षांच्या रविवारांचा तो प्रश्न होता. पण सर म्हणाले, "धान्याला जागा नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू? द्या खोल्या. फक्त पेट्या भरण्याआधी आठ दिवस मला द्या. ज्यांच्या घरातून हे आलं त्यांना एकदा दाखवतो."

मला ते मुळीच पटलं नाही. उपाशी माणसांपुढे समया आणि पोथ्या मांडायच्या, ही थट्टा झाली, असं मी सरांना तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. "तसं झालं तर परत येऊ," एवढंच म्हणाले. कामावर मजुरांना वाटायचं पौष्टिक पीठ, सुकडी, घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये पोत्यांच्या आडोशाला आम्ही वस्तू ठेवल्या आणि मिरजगावच्या अलीकडे एका तलावाच्या कामावर उतरलो. दुपारची सुट्टी झाली होती. बांधाजवळच्या बाभळीखाली गोणपाट अंथरून सरांनी वस्तू मांडल्या आणि प्रत्येकीपुढे माझ्या अक्षरातली चिठ्ठी ठेवली. माणसं लांबच उभी राहिली. "जप्तीचा माल हाय काय वो?" असं एकानं विचारलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी पन्नाशीची एक बाई पुढे आली. हाताला खडीच्या कपच्या लागून चिंध्या बांधलेल्या. एका कोरीव लाकडी ठोकळ्याकडे बोट दाखवून तिनं मला विचारलं, "ह्याच्या म्होरं काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं, "कापडावर नक्षी छापण्याचा ठसा." ती तोंडाला पदर लावून हसली.

"कापडाचा न्हाई वो बाई. ह्यो राशीचा ठसा हाय. खळ्यावर रास पडली की वल्ल्या मातीचं गोळं बशिवायचं राशीवर, आन् त्येच्यावर ह्यो दाबायचा. रातीतनं कुनी हात घातला तर नक्षी मोडती, सकाळी कळतं."

सर चटकन खाली बसले. त्यांनी ठसा तिच्या हातात दिला आणि कसा दाबायचा ते दाखवायला सांगितलं. तिनं पिण्याच्या पाण्यातलं चुळकाभर पाणी घेऊन माती भिजवली, गोळा केला, त्यावर ठसा दाबला आणि उचलला. मातीत आठ पाकळ्यांचं फूल उमटलं. त्या वर्षी कुठल्याच खळ्यावर रास पडली नव्हती. बघणारी सगळी माणसं जवळ आली. मग एक म्हातारा म्हणाला की त्यांच्याकडे चार पाकळ्यांचा होता. दुसरा म्हणाला, आमच्यात चंद्र होता. नंतर मात्र कुणी समईबद्दल सांगू लागलं, कुणी फणेरपेटीबद्दल, आणि मी मांडीवर वही घेऊन भराभर लिहू लागले. माझ्या चिठ्ठ्यांपैकी कितीतरी चुकीच्या निघाल्या. आम्ही माणसांना त्यांच्याच घरातल्या वस्तू चुकीच्या नावानं दाखवत होतो. माणसं संग्रहालयात का येत नव्हती, ते मला त्या बाभळीखाली उमगलं.

निघताना त्या बाईनं विचारलं, "आता हे समदं कुठं नेनार?" सरांनी खरं ते सांगितलं. खोल्यांत धान्य येणार, वस्तू लांब जाणार. ती म्हणाली, "तुमच्या खोल्यांत दानं येनार, आन् आमच्या कनग्या रिकाम्या. मंग आमच्यात ठिवा की." लोक हसले, पण सर हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिच्या गावातल्या बारा घरांच्या कणग्यांमध्ये आमचं संग्रहालय वाटलं गेलं. जाड्याभरड्या कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला वर-खाली पसरून. अध्यक्ष अस्वस्थ होते. "मास्तर, दिवस कसले आहेत बघा. पितळ आहे ते. उद्या मोडीत गेलं तर जबाबदारी कोणाची?" सर म्हणाले, "माझी."

उन्हाळा चढला. मोडवाले गावोगाव फिरत होते आणि घराघरांतली भांडी त्यांच्या गाड्यांवर चढत होती. त्या गावातही मोडवाला येऊन गेल्याचं कळलं. मी सरांना म्हटलं, एकदा जाऊन बघू या. ते म्हणाले, "बघायला गेलो, तर ठेवायला दिलं कशाला?" मला झोप लागेना. वस्तूंची यादी माझ्या अक्षरात होती आणि मी फक्त बावीस वर्षांची होते. रजा काढून, सरांना न सांगता, एस. टी.नं मी त्या बाईच्या घरी गेले.

ती नुकतीच कामावरून आली होती. चुलीवर जर्मनच्या पातेल्यात सुकडी शिजत होती. पाण्याच्या घडवंचीवर दोन मातीची मडकी होती, आणि शेजारी घागरींच्या बुडांचे वाटोळे डाग होते, घागरी नव्हत्या. मी इकडचं तिकडचं बोलले, पाण्याचं विचारलं, पोरांचं विचारलं. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती उठली.

"या हिकडं," ती म्हणाली.

कणगीचं झाकण काढून तिनं वरचा पाला बाजूला केला. पाला ताजा होता. तिनं तो मधूनमधून बदलला असणार. कापडाची घडी उलगडली. आमची समई होती तशी होती, शेजारी तो ठसा. मी घडवंचीकडे पाहिलं असावं, कारण ती आपणहून म्हणाली, "घागरी गेल्या मोडीत. त्या आमच्या हुत्या." मग कापड पुन्हा गुंडाळत, खाली बघत म्हणाली, "हे तुमी ठिवलंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. परतीच्या गाडीत मी सगळा रस्ता खिडकीला कपाळ लावून बसले होते. त्या भेटीविषयी मी सरांना काही सांगितलं नाही, पुढेही कधी नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. खोल्यांमधलं धान्य हलवलं गेलं, भिंतींना चुना लागला, आणि माघात ज्वारीची खळी उरकल्यावर एका बाजाराच्या दिवशी त्या गावातून दोन बैलगाड्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. कणग्यांना आता ज्वारी हवी होती. सर यादी घेऊन बसले आणि मी वस्तू उतरवून घेऊ लागले. यादी संपली तरी गाडीत वस्तू उरल्याच. एक जुनं पेरणीचं चाडं, पीठ मळायची एक लाकडी काठवट, घंटांची माळ, चंद्राचा एक ठसा. "ह्या आमच्या," गाडीवाला म्हणाला, "ह्या बी मांडा." सरांनी चष्मा काढला आणि ते तो बराच वेळ पुसत राहिले.

ती बाईही आली होती. चपला न काढता, काही न विचारता ती थेट आत गेली आणि भिंतींकडे बघत उभी राहिली. मग सरांना म्हणाली, "ह्या तुमच्या बाई दुष्काळात येकदा घरला आल्या हुत्या." सरांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"भेटाया आल्या हुत्या," ती म्हणाली. "च्याला गूळ न्हवता त्या दिशी. तशाच गेल्या. आज माझ्यासंगं भाकर खाऊन जाऊ द्या त्यान्ला."

बाजारात एका झाडाखाली बसून तिनं फडक्यातून सोडलेली नव्या ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी मी खाल्ली. सरांनी मला पुढे कधी काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

पुढे लग्न होऊन मी शहरात आले, मोठ्या संस्थांत नोकऱ्या केल्या. प्रेक्षक कसा वाढवावा, लोकांना कलेकडे कसं वळवावं, यावर लांबच लांब बैठका व्हायच्या. शहाणी माणसं तक्ते काढून बोलायची, आणि त्यांचं चुकीचं असायचं असंही नाही. मीही बोलायची. पण लोकांवर विश्वास टाकावा, असं तिथे सांगायला मी उभी राहायची आणि मला आठवायचं, की मी स्वतः तो टाकला नव्हता. एका बाईनं ते ओळखलं आणि चारचौघांत झाकून घेतलं. सर गेले, ती बाईही आता नसेल. तिचं नावही मी कधी विचारलं नाही. आमच्या यादीत घर तिच्या नवऱ्याच्या नावावर होतं. इतक्या वर्षांत कितीक वस्तूंपुढे मी नावं लिहिली, आणि हे एक नाव मात्र लिहायचं राहून गेलं.