तंजावरच्या भिंतीवरचं मराठी

आखातातल्या दम्मामच्या दवाखान्यात मी नर्स आहे. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करून घ्यायला एक तमिळ मजूर यायचा. चपला दाराबाहेर काढून आत येणारा तो एकटाच. एकदा त्याने फोन शर्टाला पुसून माझ्यापुढे धरला.

"सिस्टर, ये आपका भाषा है ना?"

फोटोत तंजावरच्या मोठ्या देवळाची भिंत होती आणि तिच्यावर चक्क मराठी कोरलेलं. आपले राजे तिथे होते, हे मी शाळेत शिकून विसरले होते.

त्याची आई रोज तिथे प्रदक्षिणा घालायची. अक्षरं कळायची नाहीत, पण मंत्र समजून भिंतीला हात लावायची.

"शुक्रवारी अम्मा गेली," तो म्हणाला. मालकाकडून देश सोडायची परवानगी, एक्झिट व्हिसा, वेळेत न मिळाल्याने त्याला जाता आलं नव्हतं. "तुम्ही वाचून दाखवा."

मला खरं सांगावं लागलं. "हा मंत्र नाही हो. राजांची वंशावळ आहे, कोण कोणाचा मुलगा ते."

त्याने फोन माझ्या हातात दिला. "गेलेल्यांचीच नावं ना? मग वाचा."

मी अडखळत एकेक नाव वाचलं. तो हात जोडून ऐकत होता. फोटोतलं संपलं तेव्हा त्याने हळूच आईचं नाव सांगितलं. तेही मी मोठ्याने म्हटलं.