गोकुळाची बेलपाने आणि देवानंदचे यंत्र

हे मार्कंडेश्वरा! वैनगंगा जिथे आपली नेहमीची दिशा सोडून उत्तरेला वाहते, तिथे काठावर तू बसलास. कंठात हलाहल, कपाळी अग्नी, आणि माथ्यावर थेंब थेंब गळणारे पाणी. साऱ्या जगाचा दाह तू घेतोस आणि तुझा दाह निववायला आम्ही तांब्याभर पाणी घेऊन येतो. आमची भक्ती तेवढीच, आणि तेवढीच तू गोड मानून घेतोस. म्हणून आधी तुझे नाव, आणि तुझ्या नावामागून एका साध्या संसारी माणसाचे नाव: देवानंद नागापुरे, मुक्काम सावली.

देवानंदचा बाप गोविंदा जन्मभर तलावात जाळे टाकत आला. मुलाने जाळे सोडले आणि कॅमेरा धरला. लग्नाची शूटिंग करायची, घरी येऊन कॉम्प्युटरवर मिक्सिंग करायचे आणि सीडी करून द्यायची, हा त्याचा धंदा. पुढे दुकान, मध्ये पडदा, मागे घर. नागपुरातला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिथले कॉम्प्युटरचे मोठे यंत्र त्याने उचलून आणले. हे यंत्र पाण्याने थंड होणारे होते. आत पंप, पंपातून निघालेले पाणी तापलेल्या भागावरून फिरून माथ्यावरच्या रेडिएटरमध्ये चढायचे, आणि रेडिएटरवरचे पंखे वरून वारा ओढून त्याच्या बारीक पात्यांतून सोडायचे. पाणी निवायचे आणि पुन्हा खाली उतरायचे.

"हे का नवीन आणलं जी?" त्याची बायको गोकुळा हात पुसत बाहेर आली होती.

"याच्या आंगात पाणी फिरते. डोकं तापलं का पाणीच त्याले थंड करते. मार्कंड्याचा महादेवच समज."

"मंग पूजा तं लागतेच."

"कर ना बापा. पण वरून पाणी नको घालशीन!"

"मी का येडी आहो?"

तो थट्टेत बोलला, तिने भावाने ऐकले. दर सोमवारी अंघोळ झाली की गोकुळा यंत्रापुढे उदबत्ती लावी, माथ्याच्या रुंद फटींच्या जाळीदार झाकणावर बेलाचे पान ठेवी, चिमूटभर अक्षता वाही आणि पुढच्या कडेला हळदकुंकवाची पाच बोटे ओढी. ज्याच्या जिवावर घरात भात शिजतो, त्याला देव म्हणायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात गोकुळाला हिवताप आला. ताप डोक्यात चढला. देवानंद कपाळावरच्या ओल्या पट्ट्या बदलत राहिला. ताप उतरला नाही. गोकुळा गेली.

दिवस झाले, तेरवी झाली, पाहुणे परतले. देवानंद रडला नाही. लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. तो खंबीर नव्हता. बांधावर बसून बसून पाय बधिर व्हावा, आपल्याच हाताने चिमटा घ्यावा आणि तो दुसऱ्या कोणाचा पाय वाटावा, तसे त्याचे सगळे अंग झाले होते. ताटात पडेल ते तो खाई. सकाळी यंत्र सुरू करी आणि खुर्चीत बसे.

आणि यंत्र गरजू लागले. आधी नुसती घरघर होती. मग पंखे असे सुटायला लागले की दुकानात शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावे लागे. त्यात मधूनच काहीतरी टकटक वाजे. काम अर्ध्यावर आले की कॉम्प्युटरचा पडदा काळा होई आणि यंत्र आपोआप बंद पडे. देवानंदला या आवाजाचा त्रास नव्हता. आवाज होता तोवर दुसरे काही ऐकू येत नव्हते, आणि त्याला ते बरे होते.

कापडवाले बाबूभाई मात्र कानावर हात ठेवून आत आले.

"देवानंदभाऊ, हे कम्प्यूटर हाय का राइस मिल? धान कुठी टाकू?"

देवानंद हसला नाही. बाबूभाईंचाही चेहरा उतरला. त्यांची मुलगी रूही निकाहनंतर पहिल्यांदा ईदेला माहेरी येत होती आणि तिची फिल्म याच यंत्रात अडकली होती. कॅमेऱ्याच्या कॅसेटांवर देवानंदने धंद्याच्या रीतीप्रमाणे पुढच्या लग्नांचे शूटिंग केले होते. निकाह आता फक्त या डब्यात उरला होता.

"भाऊ, तुमचं दुख आमाले समजते," बाबूभाई म्हणाले. "पण माह्या पोरीचा निकाह दुसऱ्यांदा नाई होनार ना. आन् हे असंच राह्यलं तं या सीजनले तुमाले शूटिंग कोन देईन?"

म्हणून शेजारच्या मूल गावाहून जुबेर आला. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, तरुण, जरा जास्त बोलणारा. त्याने बाजूचा पत्रा काढला. पेनाचे टोक एकेका पंख्याच्या मधोमध टेकवून तो पंखा क्षणभर थांबवी आणि आवाज कितपत बदलतो ते ऐके. मग पेचकसाचे टोक पंपाला लावून त्याने मूठ कानाशी धरली.

"पंप सही हाय. गुडगुड वाजते, मंजे हवा अटकली." त्याने यंत्र बंद करून कलते केले, हवा वर येऊ दिली, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी टाकीत ओतले. मागचा एक पंखा खिळखिळा होता, तो बदलला. यंत्र शांत झाले. "झालं भाऊ. आता बाळावानी झोपन."

जुबेर मूलला पोचला नसेल तोच यंत्र पुन्हा गरजू लागले.

दुसऱ्यांदा आला तेव्हा जुबेर कमी बोलत होता. त्याने टाकी पाहिली, नळ्या चाचपल्या. वर जाणारी नळी गरम, आणि निवून खाली येणारी नळीही तितकीच गरम.

"पानी थंडच नाई होऊन राह्यलं. वर रेडिएटर चोक हाय. मागच्या टायमाले तुमी वरचं झाकन खोलू नाई देल्लं. आता खोलाच लागन."

"नाई."

"काऊन नाई?"

झाकणाच्या कडेवर हळदकुंकवाची पाच बोटे वाळली होती. गोकुळा गेल्यापासून त्याने तिथे कोणाचे फडके लागू दिले नव्हते. जुबेरच्या हातात फडके होते.

"भाऊ, असंच चालू ठेवसान तं अंदरचं सब जळून जाईन. मंग रूहीची फिल्म बी गेली आन् दुकान बी."

हे देवानंदला कळत होते. पण कळणे आणि हात उचलणे यांच्यामध्ये काहीतरी तुटले होते. पंखे ओरडत होते आणि तो त्या बोटांकडे पाहत बसला होता.

घराचा मधला पडदा सरकला. आचल, त्याची बारावीतली मुलगी, दारात उभी होती. पंख्यांच्या वर आवाज जावा म्हणून तिला ओरडावे लागले.

"बाबा! आई दर सोमवारी आधीचं पुसे, मंगच नवीन लावे! आई असती तं हे तिनंच पुसलं असतं!"

देवानंदने यंत्र बंद केले. जुबेरच्या हातून फडके घेतले. ओले करून ती पाच बोटे त्याने स्वतःच्या हाताने पुसली. आता काहीतरी होईल, आत काहीतरी फुटेल, असे त्याला वाटले. काही झाले नाही. फडके पिवळे झाले, एवढेच. मग त्याने स्क्रू काढले आणि झाकण उचलले.

सोमवारची सगळी पूजा तिथे होती. झाकणाच्या जाळीतून घसरलेली बेलपाने पंख्यांखाली रेडिएटरवर वाळून चिकटली होती, त्यांच्या फटीत अक्षता, आणि सगळ्यांवर उदबत्तीच्या राखेचा व धुळीचा गोधडीसारखा थर. एका पानाचा देठ उभा राहून पंख्याच्या पात्याला लागत होता. टकटक होती ती त्याचीच.

जुबेरने धूळ उडवायची फुंकणी हातात घेतली होती. ती त्याने खाली ठेवली.

"भाऊ, हे कचरा नाई ना. हे तुमीच काढा. मी बादमधी साफ करतो."

देवानंदने एकेक पान चिमटीने काढले, अक्षता वेचल्या आणि सगळे स्वच्छ फडक्यात बांधून तो तलावावर गेला. निर्माल्य पाण्यातच जायला हवे. त्याने गाठ सोडली. अक्षता बुडाल्या, पाने तरंगत राहिली. त्याने डोळे मिटून गोकुळाचा चेहरा आठवून पाहिला, तर डोळ्यांपुढे रेडिएटरच आला. रडू आले नाही. परत जायचे कारण सुचेना म्हणून तो थोडा वेळ उभा राहिला. मग पाय आपोआप घराकडे वळले.

जुबेर रेडिएटर साफ करून, रूहीची फिल्म कामाला लावून निघून गेला होता. किती काम झाले ते दाखवणारी कॉम्प्युटरवरची निळी पट्टी हळूहळू भरत होती. यंत्र चालू आहे हे कळायला देवानंदला त्यावर हात ठेवावा लागला. दुकान इतके शांत होते की त्याला ते परके वाटले.

आणि त्या शांततेत त्याला ऐकू आले. पडद्यामागे आचल रडत होती. मोठ्याने नाही. रोजची सवय झालेले माणूस काम करता करता रडते तसे, मध्येच भांडे ठेवत, मध्येच नाक ओढत. पंखे गरजत असताना पडद्यापलीकडे हे किती दिवस चालले होते, देव जाणे.

देवानंद खुर्चीवरून उठला. पडदा सरकवून चुलीपाशी गेला आणि लेकीजवळ जमिनीवर बसला. आचलने घाईने डोळे पुसले.

"तुमाले... आयकू आलं का बाबा?"

"आलं."

"मंग काऊन नाई बोलत?"

"मले बोलताच येऊन नाई राह्यलं व माय," तो म्हणाला. "तू रड. मी इथीच बसतो."

ती त्याच्या खांद्यावर डोके टेकून रडली. त्याचे डोळे कोरडेच राहिले. पण खांदा ओला झालेला त्याला कळला. कितीतरी दिवसांत त्याच्या अंगाला कळलेले ते पहिलेच काही होते. भात खाली लागल्याचा वास आला, तसा उठून त्यानेच भांडे उतरवले आणि दोघांची ताटे वाढली. पुढे दुकानात निळी पट्टी न थांबता शेवटपर्यंत भरली.

हे दीनदयाळा, या देवानंदला उदंड आयुष्य दे. त्याचे आटलेले डोळे कधी भरून आले तर ते पुसायला लेक जवळ असू दे. आचलचे शिक्षण पुरे होवो, तिच्या शब्दाला ऐकणारे कान मिळोत. गोविंदाच्या म्हातारपणाला ऊब मिळो. गोकुळा तुझ्या चरणाशी सुखात असो. आणि त्या घरात कोणी कोणाला हाक मारील, तेव्हा आतून "ओ" यावी. तेवढे कर, देवा. त्या घराचे कल्याण असो.