अण्णांना ट्यूलिप नको होते : नीउ-व्हेनेप ते एमसहाव्हन

मे महिन्याच्या शाळेच्या सुट्टीत माझे वडील, म्हणजे अण्णा, पहिल्यांदा नेदरलँड्सला आले. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी नाशिकला अडकली होती, त्यामुळे एकटेच आले. आमच्या नीउ-व्हेनेपपासून ट्यूलिपच्या बागा हाकेच्या अंतरावर. मी मोठ्या हौसेने तिकिटं काढायला बसले, तर अण्णा म्हणाले, "फुलं विट्यातही असतात. मला सबस्टेशन दाखव."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण अण्णा विजेच्या बाबतीत चेष्टा करत नाहीत. विट्याजवळच्या एका सबस्टेशनवर त्यांनी एकतीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढली. फीडर म्हणजे गावाच्या एकेका भागाकडे जाणारी लाइन. ती चालू करणं आणि बंद करणं ही त्यांची नोकरी. भारनियमनाच्या वर्षांत त्यातलं 'बंद करणं' हेच जास्त.

"इथल्या एखाद्या ऑपरेटरला मला एक प्रश्न विचारायचाय," ते म्हणाले.

"कुठला?"

"त्यालाच विचारीन. तुला काय कळणार त्यातलं?"

माझा नवरा सचिन प्रोजेक्टच्या कामासाठी आइंडहोवनला अडकलेला. मग मी ठरवलं, गाडी मीच काढायची. डच लायसन्स मला तिसऱ्या प्रयत्नात मिळालं होतं आणि आजवरची माझी सगळ्यात लांबची मजल ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमधल्या मैत्रिणीकडची भिशी. तरीही नकाशावर बोट सरकवत मी देशाच्या थेट ईशान्य टोकाला गेले. एमसहाव्हन नावाचं बंदर. वीज बनवणारे कारखाने, शेकडो पवनचक्क्या, समुद्राखालून नॉर्वेपर्यंत गेलेली केबल, सगळं एकाच ठिकाणी. जाऊन येऊन पाचेकशे किलोमीटर. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला, इराला, विचारलं, तर ती डचमध्ये म्हणाली, "तिकडे स्विमिंग पूल आहे का?" नव्हता. तरी आली बिचारी.

शुक्रवारी सकाळी निघालो. ज्यांना ही सहल करायची असेल त्यांनी ईशान्येच्या ग्रोनिंगन शहराकडे जाणारा जवळचा रस्ता सोडून समुद्रातल्या बांधावरून जावं. याला आफ्स्लाउटडाइक म्हणतात. बत्तीस किलोमीटर सरळ रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला त्याच समुद्राचं केलेलं तळं. मध्ये थांबायची जागा आहे, कॉफी महाग आहे, वारा फुकट आहे. अण्णा कानटोपी, स्वेटर आणि त्यावर सचिनचा रेनकोट अशा वेशात बांधावर उभे राहिले. पर्यटक समुद्राचे फोटो काढत होते. अण्णांनी खांबावरच्या एका इन्सुलेटरचे, म्हणजे तार तोलणाऱ्या चकत्यांच्या माळेचे, चार काढले.

"चकत्या किती स्वच्छ आहेत बघ," ते म्हणाले. "पुसतो कोण?"

"पाऊस," मी म्हटलं. या देशाबद्दल मला एवढं तरी नक्की माहीत आहे.

दुपारी रोडेस्खोल नावाच्या खेड्यात पोचलो. तिथे ट्रीन्ये नावाच्या बाईंच्या शेतघरात खोली घेतली होती. नाश्त्यासकट स्वस्त पडली, कारण एका भिंतीला बाहेरून लाकडी टेकू लावलेला होता. या भागात जमिनीतून इतकी वर्षं गॅस उपसला, की भूकंपाचे छोटे छोटे धक्के बसतात आणि घरांना भेगा पडतात. आता सरकार गॅस बंद करत आणतंय. ट्रीन्येबाईंनी हे सगळं, आमच्याकडे कुणी 'जरा पंखा खडखडतो हं' म्हणून सांगावं, तितक्या सहज सांगितलं. वर म्हणाल्या, "पलंग मजबूत आहे."

त्यांच्या गोठ्याच्या छपरावर सोलर पॅनल चकाकत होते. अण्णांनी लगेच मान वेळावून वायरी शोधायला सुरुवात केली. वायरी भिंतीपर्यंत आल्या होत्या आणि तिथेच संपल्या होत्या.

"कनेक्शन कुठंय?" त्यांनी विचारलं. मी भाषांतर केलं.

"मिळायचंय," ट्रीन्येबाई म्हणाल्या. "नेटवर्क फुल्ल आहे. आमच्या भागातल्या सगळ्यांनीच पॅनल लावले आणि तारा मात्र जुन्याच आहेत. मला वीज द्यायचीय, पण घ्यायला जागा नाही म्हणतात. वेटिंग लिस्ट आहे."

वेटिंग लिस्ट हा शब्द अण्णांना भाषांतराशिवाय कळला. त्यांचा चेहरा असा काही उजळला, जणू परक्या गावात शाळेतला मित्र भेटावा. "आमच्याकडे पण!" ते थेट मराठीत म्हणाले. "शेतीपंपाच्या कनेक्शनला माणसं वर्षानुवर्षं थांबतात!" मी घाईघाईने समजावलं, की आपल्याकडे माणसं वीज मिळावी म्हणून थांबतात आणि या बाई वीज द्यायला थांबल्यात. अण्णा जरा वेळ पॅनलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अर्ज कुठल्या ऑफिसात दिलाय विचार. रोज जाऊन बसायला लागतं, त्याशिवाय हलत नाही." ट्रीन्येबाईंनी ते खरंच वहीत लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी मसाला ऑम्लेटचा बेत अण्णांनी परस्पर जमवला आणि तिथून आम्ही एमसहाव्हनला गेलो. तिथे बघण्यासारखं काय, असं विचाराल तर प्रामाणिकपणे सांगते, बागबगीचा काही नाही. सपाट हिरवं रान, मेंढ्या, त्यामागे एक अगडबंब कोळशाचं वीजकेंद्र. इतकं नवं, की अजून रंगाचा वास येईल असं वाटतं, आणि देशात ते बंद करायची चर्चाही सुरू. शेजारी गॅसवर चालणारं आणखी एक. आणि चहूकडे पवनचक्क्या. अण्णांनी मोजायला सुरुवात केली, साठाच्या पुढे चुकले, पुन्हा एकपासून धरलं.

वारा असा होता, की गाडीचं दार उघडायला खांदा लावावा लागला. तरीही रांगेतल्या बऱ्याच पवनचक्क्या पाती रोखून गप्प उभ्या.

"बिघडल्यात," अण्णा हळहळले. "एवढ्या नव्या! मेंटेनन्स नाही दुसरं काय."

बंदराबाहेर पडताना त्यांना हवं ते दिसलं. कुंपणाआड तारांची जाळी, ओळीने ट्रान्सफॉर्मर आणि तो घूं घूं आवाज. मी गाडी थांबवायच्या आत ते उतरले होते. कुंपणाला नाक लावून, डोळे मिटून ते आवाज ऐकत उभे राहिले. मग फोन काढून फोटो घ्यायला लागले. कानटोपी घातलेला अनोळखी माणूस वीजकेंद्राशेजारी फोटो काढतोय, यावर पुढे काय होणार याचा मी अंदाज बांधेपर्यंत आतून पिवळं जॅकेट घातलेला उंच गृहस्थ चालत आला. पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा.

"काय चाललंय?" त्याने डचमध्ये विचारलं. आवाज सभ्य होता, पण हातात वॉकीटॉकी होता.

माझं डच अशा वेळी नेमकं कोरडं पडतं. तेवढ्यात अण्णांनी पाकिटातून वीज मंडळाचं जुनं ओळखपत्र काढलं. लॅमिनेशन सुटलेलं, फोटोत मिशा काळ्या. गेटच्या गजांतून त्यांनी ते पुढे केलं. त्या माणसाने अक्षर ओळखू येत नसूनही ते दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि गळ्यातलं स्वतःचं कार्ड अण्णांसमोर धरलं. त्याचं नाव हार्म. विजेची मागणी कमी असते म्हणून शनिवारी देखभालीला आला होता.

"त्याला सांग," अण्णा इराला म्हणाले, "तुझ्या ट्रान्सफॉर्मरचा ओल शोषणारा सिलिका जेल खराब झालाय. निळा पाहिजे, तो नारिंगी दिसतोय."

इराने सांगितलं. हार्म मोठ्याने हसला. इथे नारिंगी म्हणजेच कोरडा, उत्तम, असं त्याने समजावलं. ओल लागली की रंग उडतो. निळा त्यांनी केव्हाच बंद केला.

"एकतीस वर्षं निळ्यावर काढली," अण्णा पुटपुटले. पण आपला माणूस भेटल्याची खात्री दोघांनाही पटली होती. हार्मने थर्मास आणला आणि कॉफीचा कप गजांतून बाहेर दिला. आत मात्र घेता येणार नाही म्हणाला, नियम आहे.

"बरोबर आहे. घेऊच नको," अण्णा म्हणाले. आणि मग त्यांनी तो प्रश्न काढला. "इरा, विचार त्याला. वीज कमी पडली, की तुम्ही कुणाची बंद करता? आधी कुणाची? आणि ते ठरवता कसं?"

हार्मने खूप विचार केला. त्याच्या उत्तराचा इराने केलेला अनुवाद असा : "आजोबा, तो म्हणतो, कमी पडली म्हणून त्याने कधीच नाही बंद केला. जास्त झाली म्हणून बंद करतात. त्या पंखा बिघडली नाहीये. तिला सांगितलं, थांब."

"नीट विचार, बाळ."

इराने पुन्हा विचारलं. हार्मने हातवारे करून सांगितलं. वारा सुटला, ऊन पडलं आणि सुट्टीचा दिवस असला, की वीज एवढी होते, की घ्यायला कुणी नसतं. बाजारात तिचा भाव शून्याच्या खाली जातो. मग पवनचक्क्या थांबवतात.

"शून्याच्या खाली म्हणजे?"

"म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे देतात."

"इरा, तुला डच येतं ना नक्की?"

तिला राग आला. मी मध्ये पडले, हार्मला स्वतः विचारलं, आणि पोरीचा शब्दन् शब्द बरोबर होता. अण्णांनी एकदा त्या थांबलेल्या पवनचक्क्यांकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. ते इतके हसले, की कॉफी रेनकोटवर सांडली. डोळे पुसले, पुन्हा हसले. पुसता पुसता ते हसणं कधी थांबलं, मला कळलं नाही. डोळे मात्र ते पुसतच होते.

हार्मने सांडलेला कप पुन्हा भरून दिला. मग त्याने विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही कुणाची बंद करायचात?"

"वरून फोन यायचा, त्या फीडरची," अण्णा म्हणाले. मग त्यांनी वरातीची गोष्ट सांगितली. मे महिना, भर दुपार, मंगल कार्यालयाचे पंखे बंद आणि नवरदेवाला भोवळ. वऱ्हाडी बँडसकट सबस्टेशनवर चालून आले. अण्णा बॅटरी रूममध्ये कडी लावून बसले आणि बाहेर बँडवाला, पैसे घेतलेत म्हणून, वाजवतच राहिला. इरा हसून हसून भाषांतर करत होती. लोक काय शिव्या द्यायचे, असं हार्मने विचारलं, तेव्हा अण्णांनी फक्त, "ते पोरीच्या तोंडून नको," म्हटलं.

मग ते म्हणाले, "एक बाई मात्र काही बोलली नाही. तिला दमा होता. वाफेचं मशीन छातीशी धरून गेटबाहेर उभी राहिली. तिची लाइन मीच बंद केलेली. तिला आत घेतलं आणि कंट्रोल रूमच्या सॉकेटला मशीन लावून दिलं. मग उन्हाळाभर यायची. मी रजिस्टर लिहायचो, ती वाफ घ्यायची. नियमात बसत नव्हतं. घरीसुद्धा सांगितलं नाही."

मी त्यांची मुलगी. बारावीला त्यांनी आमचाच फीडर बंद केला म्हणून मी त्यांच्याशी चार दिवस अबोला धरला होता. हे मी आज पहिल्यांदा ऐकत होते, तेही उत्तर समुद्राच्या काठी, मेंढ्यांच्या साक्षीने.

इराने सगळं भाषांतर केलं, या वेळी न हसता. हार्मने थर्मास खाली ठेवला. त्याने गजांतून हात बाहेर काढला आणि अण्णांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

रविवारी परत निघालो. ट्रीन्येबाईंनी निरोप देताना सांगितलं, की सोमवारपासून त्या ऑफिसात जाऊन बसणार आहेत, सोबत विणकाम घेऊन. येताना मी सरळ हायवे धरला, आल्मेरेच्या फाट्यावर रस्ता चुकले आणि अण्णांना आणखी एक सबस्टेशन फुकटात दिसलं.

जाण्यासारखं आहे का? आहे. दोन दिवस काढा, वाऱ्याचे कपडे घ्या, खायचं बरोबर घ्या, कारण बंदरात उपाहारगृह शोधत फिरावं लागतं. आणि घरात कुणी एका कामात आयुष्य काढलेलं माणूस असेल, तर त्याला त्याच्याच कामाची जागा दाखवायला न्या. मागच्या सीटवर बसून ऐका.

अण्णा जूनमध्ये परत गेले. शाळा संपायच्या आधी इराला वर्गापुढे एका विषयावर बोलायचं होतं. बाकीच्यांनी घोडे आणि फुटबॉल घेतले, तिने भारनियमन घेतलं. डच शब्द सापडेना, म्हणून बाईंनी फळ्यावर तो मराठी शब्दच लिहू दिला. कोणत्या दिवशी कोणाच्या घरात अंधार होणार, हे आजोबा बटण दाबून ठरवायचे, असं तिने सांगितल्यावर वर्ग अवाक् झाला. एका मुलीने विचारलं, "तुझे आजोबा राजा होते का?"

हे मी फोनवर अण्णांना सांगितलं.

"राजा नाही म्हणावं," ते म्हणाले. "राजाच्या दारात लोक वाफेचं मशीन घेऊन येत नाहीत."