गरम पाणी, गार घर

आश्लेषाला आनंद झाला होता, आणि त्याची तिला लाज वाटत होती. घरात बोटं बधिर करणारी थंडी, दम्याच्या सासूबाई दोन स्वेटर आणि एक शाल गुंडाळून बसलेल्या, नवरा फोनला चिकटलेला, आणि ही बाई बेसमेंटच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरत होती. कारण काय, तर बॉयलर बिघडला होता!

तिचंही बरोबर होतं म्हणा. चिंचवडच्या एका औषधाच्या कारखान्यात तिनं सात वर्षं बॉयलर हाऊस सांभाळलं होतं. तिथले जुने फिटर आधी हसले आणि मग अडलं की ‘मॅडमना बोलवा’ म्हणू लागले. पुढे यतीनशी लग्न झालं आणि त्याच्यामागून ती मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आली. तिच्या डिपेंडंट व्हिसावर नोकरीला परवानगी नव्हती. तीन वर्षांत तिनं केक शिकला, विणकाम शिकलं, लायब्ररीतली निम्मी पुस्तकं संपवली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत कुणी ‘तू काय करतेस?’ विचारलं की ती पटकन बटाटेवड्यांचा विषय काढायची.

२००४चा ऑक्टोबर. जूनमध्ये घेतलेल्या जुन्या घरातला हा पहिलाच हिवाळा. सासूबाई, वसुधाताई, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि गुरुवारी त्यांनी हॉलमध्ये घट बसवले होते. शनिवारी पहाटे पहिलं दव गोठलं, यतीननं पहिल्यांदाच हीटिंग लावलं, आणि काही म्हणजे काही झालं नाही. गंमत अशी की नळाला पाणी मात्र कढत येत होतं.

यतीननं बॉयलर तीनदा बंद करून चालू केला. कॉम्प्युटरवाल्यांना तेवढा एकच मंत्र येतो. मग त्यानं फोन केले. पहिल्या थंडीत अख्ख्या गावाचे बॉयलर रुसले होते, त्यामुळे टेक्निशियन थेट पुढच्या गुरुवारी येणार होता. आईचा श्वास आत्ताच वाजायला लागला होता. रात्री तापमान आणखी उतरणार होतं. त्यानं जाहीर केलं की संध्याकाळी सगळ्यांनी मोटेलमध्ये जायचं.

सासूबाई हलायला तयार नव्हत्या. घटापुढे नऊ दिवस अखंड दिवा असतो. तो तेवत असताना घराला कुलूप लावून जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. तेल घालायला माणूस हवं. तुम्ही दोघं जा, मी राहते, असं त्या शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांतपणाचीच यतीनला धास्ती वाटली.

“संध्याकाळपर्यंत वेळ दे मला,” आश्लेषा म्हणाली.

“अगं यार, रिस्क नको घेऊस. आईचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच म्हणतेय.”

खाली बेसमेंटमध्ये ती बॉयलरपुढे उभी राहिली आणि सात वर्षं सात मिनिटांपूर्वीची वाटली. कारखान्यातला बॉयलर खोलीएवढा, हा जेमतेम कपाटाएवढा. पण जात तीच. पाणी तापतंय, म्हणजे आग पेटतेय. मग बॉयलरचं पोट ठीक आहे. काट्यावरचा दाब बरोबर होता. घरभर फिरणाऱ्या पाइपांना गरम पाणी ढकलणाऱ्या पंपावर तिनं तळहात ठेवला. तो गार होता आणि गप्पही. आता प्रश्न दोनच: पंप मेला आहे, की त्याला कुणी हाकच मारत नाही?

तिनं स्विच बंद केला, खोलीचं तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणाऱ्या वरच्या थर्मोस्टॅटकडून आलेल्या दोन बारीक तारा सोडवल्या, त्यांच्या जागी तारेचा एक तुकडा जोडून दिला आणि स्विच लावला. म्हणजे थर्मोस्टॅटला बाजूला सारून तिनं स्वतःच हाक मारली. क्षणभर काहीच नाही. मग पंपानं घुर्र केलं, पाइप थरथरला, आणि हळूहळू त्याच्या अंगात ऊब चढू लागली. आश्लेषानं एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

यतीन धावत खाली आला. हे असंच राहू दे, झालं काम, असं त्याचं मत पडलं. पण असं जोडून ठेवलं तर घर तापतच राहणार आणि थांबवायला कुणीच नसणार. शिवाय चोर हाती लागल्याशिवाय तिला चैन कुठलं? बॉयलर निर्दोष सुटला होता, पंप निर्दोष सुटला होता. ती वर पळाली.

थर्मोस्टॅट हॉलच्या भिंतीवर होता, अगदी घटाच्या मागे. शोभेसाठी सासूबाईंनी भिंतीवर जांभळी पैठणी लावली होती, तिच्या निऱ्यांआड ती गोल तबकडी झाकली होती. सकाळी यतीननं निरी बाजूला करून आकडा बहात्तर फॅरनहाइटवर नेला होता आणि तेवढंच पाहिलं होतं. आश्लेषानं खालचा बारीक काटाही पाहिला. हॉलमध्ये जेमतेम छप्पन्न अंश असतील, आणि काटा म्हणत होता चौऱ्याऐंशी. तिनं भिंतीला हात लावला. भिंत छान कोमट होती.

तबकडीच्या बरोबर खाली समई तेवत होती. वाऱ्यानं ज्योत विझू नये म्हणून सासूबाईंनी तिच्यावर कंदिलाची काच ठेवली होती. भारतातून साडीत गुंडाळून आणली होती ती. काचेतून ऊब सरळ वर जात होती, पैठणीआड साठत होती, आणि थर्मोस्टॅट बिचारा समजत होता की घरात उन्हाळा आहे.

आश्लेषा खळखळून हसली आणि लगेच थांबली. सासूबाई समोरच बसून समईत तेल घालत होत्या. न सांगून भागणार नव्हतं. तिनं सरळ सांगितलं.

सासूबाईंच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. त्यांचा चेहरा उतरला. आपल्यामुळेच मुलासुनेला गारठ्यात बसावं लागलं, हे त्यांना लागलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, “मग दिवा शांत करू का?”

“नाही, आई. देवी आहे तिथेच राहील. थर्मोस्टॅट उठेल.”

त्याच भिंतीच्या पलीकडे पॅसेज होता. आश्लेषानं बॉयलरचा स्विच बंद केला, तबकडी काढली, तारा आतून ओढून पलीकडे काढल्या, तबकडी तिथे बसवली आणि खालची जोडणी पूर्ववत केली. यतीन टॉर्च धरून उभा होता आणि त्याला जे सांगितलं जाईल तेवढंच करत होता. चारच्या सुमाराला भिंतीतळचे पाइप टिकटिक करू लागले. पाचला सासूबाईंनी शाल काढली. टेक्निशियन कॅन्सल केला.

नवमीला खंडेनवमीची पूजा. हत्यारं पूजायचा दिवस. यतीननं आपला लॅपटॉप घटापुढच्या पाटावर मधोमध ठेवला आणि तो ऑफिसच्या घाईत बाजूला झाला. आश्लेषा फुलं निवडत होती.

“तुझी कुठायत?” सासूबाईंनी विचारलं.

“माझी काय?”

“हत्यारं. बॉयलर काय हातानं दुरुस्त केलास? आण जा.”

आश्लेषा बेसमेंटमध्ये गेली आणि तिथे थोडं रडून घेऊन पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन वर आली. सासूबाईंनी दोन्ही पदरानं पुसली, हळदकुंकू लावलं, आणि लॅपटॉप कडेला सरकवून पाटावर मधोमध जागा केली.