इलियाच्या दिवशीचं अपडेट

रोडोपच्या डोंगरातल्या आपल्या गावात नेद्याल्कानं चाळीस वर्षं मुलींना मागावर विणायला शिकवलं. माग गेले, मुली शहरात गेल्या. उरले ते गालिच्यांचे नमुने. म्हाताऱ्यांच्या घरोघर बसून तिनं उतरवून घेतलेले, तीनशे बारा. ते सगळे तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होते. सांगणाऱ्यांपैकी निम्म्या आता मातीत होत्या.

भाची झ्लातिना त्यात लिनक्स घालून गेली, तेव्हापासून अपडेटची सूचना कोपऱ्यात दिसत होती. नेद्याल्का त्या सूचनेकडे दारातल्या परक्या माणसाकडे बघावं तशी बघायची.

शेवटी फोनवर झ्लातिना म्हणाली, "मावशी, आधी नमुन्यांची नक्कल पेनड्राइव्हवर घे. मग चार्जर लाव, काय काय बदलणार ती यादी वाच, पासवर्ड टाक. आणि सुरू झालं की मध्येच बंद करायचं नाही."

"अर्धा गालिचा मागावरून कापत नाहीत, हे मला शिकवतेस?"

नक्कल घेतलेला पेनड्राइव्ह घेवड्याच्या बरणीत गेला. चार्जर लावून तिनं पासवर्ड टाकला. पडद्यावर अपडेटची पट्टी हळूहळू भरू लागली.

कुंपणापलीकडून शेजारचा आसेन तिच्या खिडकीत बघत ओरडला, "आज इलियाचा दिवस! आज सुईसुद्धा धरत नाहीत, आणि तू काम काढलंस?"

"मी कुठे करतेय? यंत्र करतंय. त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही."

"संताला सांग तसं!"

विजा आणि गडगडाट ज्याच्या हातात, त्या संत इलियानं ऐकलं असावं. शिखरावर गडगडलं. नेद्याल्का उठली आणि गडगडलं की या गावात सगळे करतात तेच तिच्या हातांनी केलं: फ्रिज, टीव्ही, दिवा, सगळ्यांचे प्लग ओढले. चौथा चार्जरचा होता.

तो हातात धरून ती उभी राहिली. पट्टी अर्ध्यावर. बॅटरी एकवीस टक्के.

प्लग परत लावायला हात धजेना. लहानपणी विजेनं जळालेलं शेजारचं घर तिनं पाहिलं होतं. बंद करायचं तर नव्हतंच. ती खुर्चीत बसली. शेल्फवरच्या बरणीकडे पाहिलं. घेवडा होता, घेवड्यात नमुने होते. पाऊस पत्र्यावर बोलत राहिला.

सात टक्क्यांवर पट्टी भरली. यंत्रानं पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली.

"थांब जरा," ती म्हणाली.

गडगडाट दरीपार गेल्यावर तिनं प्लग लावला आणि मग परवानगी दिली. पडदा काळा झाला, उजळला. नमुना पहिला: म्हाताऱ्या गिनाचा, लाल चौकडीचा. जसाच्या तसा.

"काय, संतानं सोडलं का?" आसेननं विचारलं.

"सोडलं. पण पुढच्या खेपेला आधी आभाळ बघेन."

बरणीचं झाकण तिनं घट्ट लावलं. रात्रीच्या रश्शासाठी घेवडा दुसऱ्या बरणीतून काढला.