शार्दोने आणि चार द्रोण

माझे साडू स्पेनला जाऊन आले, पण त्या प्रवासाचं खरं फळ मी खाल्लं. अजून खातो आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोल्हापुरात कॉलेजवर वनस्पतिशास्त्र शिकवतात. आमची सासुरवाडी कागलच्या पुढं, ऊस आणि म्हशीवाली. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात तिथं या विद्वान माणसानं पांढऱ्या रश्श्यासाठी चमचा मागितला. वाटी तोंडाला लावून रस्सा ओरपणाऱ्या घरात चमचा! सासऱ्यांनी तो दिला, पण विसरले नाहीत. मला ते 'पावणं' म्हणतात. साडूंना आजतागायत 'चमचं'. तेही आदरानं. "चमचं आलं का? पानी द्या त्यास्नी."

साडूंचे केस पांढरे झाले, तरी त्यांच्या जिवाला एकच घोर. आपण आणलेलं काहीतरी म्हाताऱ्यानं चाखावं आणि एकदा, फक्त एकदा, 'झ्याक हाय' म्हणावं. म्हैसूरचा पाक झाला, काश्मीरचे अक्रोड झाले. सगळं म्हशीच्या आंबोणात गेलं.

मग स्पेन. तिथं त्यांनी एक शेकडो वर्षांची द्राक्षांची जहागीर पाहिली आणि तिथल्या पांढऱ्या वाइनची एक बाटली लोकरी मोज्यात गुंडाळून सातासमुद्रापलीकडून आणली. शार्दोने. सासरे सणासुदीला घेणारे, तेव्हा तीही अडचण नव्हती. साडूंनी सासूबाईंना फोन केला. "आत्ती, रविवारी जेवायच्या आधी शार्दोने. विसरू नका हं, शार्दोने!"

"ध्यानात हाय की," आत्ती म्हणाल्या.

रविवारी मी दुकान बंद ठेवून गेलो. असला खेळ चुकवणारा मी नव्हे.

सोप्यात चटई टाकलेली, आणि चटईवर ओळीनं मांडलेले पळसाच्या पानांचे चार द्रोण.

साडूंनी काचेचे उंच दांड्याचे पेले खोक्यातून काढले आणि ते थबकले. "आत्ती, हे काय?"

"तुमीच सांगितलासा न्हवं? चार द्रोन."

मी पोट धरून खांबाला टेकलो. साडू पेले पुढं करायला लागले, तशी सासऱ्यांनी मान हलवली. "मांडल्यालं पान रिकामं उचलत न्हाईत, चमचं. ह्यातच वाढा."

साडूंनी वाढलं. उदार माणूस, अख्खी बाटली चार द्रोणांत संपवली. सासऱ्यांचा, माझा, त्यांचा स्वतःचा आणि शेताला पाणी पाजायला गेलेल्या मेव्हण्याचा. सासऱ्यांनी द्रोण उचलला, तर साडूंनी हात आडवा धरला. "मामा, लगेच नाही. आधी रंग बघायचा. मग वास. लोण्याचा वास येतो बघा."

"लोनी पायजे तर घरात म्हस हाय की."

आता द्रोणाची गोष्ट कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात घट्ट आमटी थांबते. पातळ पदार्थ काडीच्या भोकातून आपला रस्ता शोधतो. सासऱ्यांच्या मांडीवरच्या द्रोणातून पहिला थेंब धोतरावर पडला, तो मी पाहिला. साडूंनी पाहिला नाही, त्यांचं लक्ष सासऱ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तेव्हा मी अत्यंत नम्रपणे विचारलं, "साडूभाऊ, ते वाइनचं तळघर म्हणाला होतात, ते कसं असतं हो?"

साडू खुलले. दगडी कमान, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, अंधारात ओकच्या पिंपांच्या रांगा. वाइन त्या लाकडात कशी महिनोन्‌महिने निजते. टिप, टिप.

"आणि वेलींच्या टोकाला गुलाब लावतात म्हणालात, ते कशाला?"

रोग आधी गुलाबावर दिसतो म्हणून. त्यावर त्यांनी मूळ, खोड, पान असा पुरा तास घेतला. टिप, टिप, टिप. मेव्हण्याच्या द्रोणाशी मुंग्या जमल्या. माझा द्रोण मी केव्हाच पिऊन टाकला होता. फार सुंदर वाइन होती. थंड, गोलसर, शेवटी हेझलनट की काय म्हणतात तसलं काहीतरी. हे मी बोललो नाही.

"आणि तिथं चर्च पण हाय न्हवं?" मी विचारलं. चर्चही होतं.

"आता घ्या, मामा!" साडू म्हणाले.

सासऱ्यांनी द्रोण ओठांना लावला, मान मागं टाकली, तळ चाटला.

"पाल्याचं पानी," ते म्हणाले, आणि ओलं धोतर झटकत उठले.

साडूंचा चेहरा मी काय सांगू! पेले परत खोक्यात ठेवताना त्यांना खोक्याचं तोंड सापडेना. तेवढ्यात सासरे वळले. रिकामी बाटली उचलून उजेडात फिरवली, गळ्यावरून अंगठा फिरवला. "ही मातूर झ्याक हाय. गळा कसा निमुळता. म्हशीला अवशीद पाजाय."

मागच्या महिन्यात म्हैस फुगली. गुरांचे डॉक्टर आले. शिंगं मी धरली, जबडा साडूंनी उघडला, आणि सासऱ्यांनी औषधाची बाटली तिच्या घशात रिती केली. बाटलीच्या लेबलावर त्या जहागिरीची कमान अजून शाबूत होती, शेणाचा एक शिंतोडा सोडला तर.

"बाटली लई नामी की, मामा. कुठली?" डॉक्टरांनी विचारलं.

"स्पेनची. आमच्या चमच्यांनी आनली."

साडूंची छाती फुगली, आमच्या देखत.

"व्हय? आत काय हुतं?"

साडूंनी तोंड उघडलं.

"काय न्हवतं," सासरे म्हणाले. "रिकामीच आनल्याली."